वादळानंतर मुले कशाच्या आधाराने उभी राहतात? (श्रद्धा, चालीरीती आणि आपला किनारा)

आगरवाट

नमस्कार. दापोली तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात मी गेली 22 वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. या चर्चामंचाचे सभासद पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेले असल्याने प्रत्येकाकडे आपापल्या गावचे काहीतरी सांगण्यासारखे असेल, अशी आशा आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. त्या एका दुपारी श्रीवर्धनपासून आमच्या हर्णै-आंजर्ल्यापर्यंतच्या आगरांचे (नारळी-पोफळीच्या बागांचे) काय झाले, हे इथल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. भातशेती बुडाली तर पुढच्या मृगात पुन्हा पेरता येते. पोफळीचे, म्हणजे सुपारीच्या झाडाचे, तसे नसते. आज लावलेल्या रोपाला पहिले शिपटे (सुपारीचा घड) धरायला पाच ते सात वर्षे जातात, आणि माडाचीही गत फारशी वेगळी नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला त्या दुपारी एवढेच कळले, की आपले शिक्षण संपेपर्यंत घरात सुपारीचा पैसा येणार नाही. त्यात टाळेबंदी होती, वीज कित्येक आठवडे नव्हती, आणि भरपाईचा हेक्टरी हिशोब गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या आगरांना कसा लावायचा, हा घोळ वेगळाच.

माझ्या वर्गातला एक मुलगा त्या काळात बोलेनासा झाला. रोज सकाळी उठून तो आडव्या पोफळींवरून पाय टाकत आगराच्या टोकापर्यंत जायचा, झाडे मोजायचा आणि परत यायचा. आकडा तोच येत असे. भेटायला आलेले नातेवाईक ‘देवाची इच्छा’ म्हणू लागले की तो उठून पडवीत जाऊन बसे.

त्या वर्षी 22 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे गणपतीच्या वर जी मंडपी बांधतात (कोणी तिला माटवी म्हणतात, दक्षिणेकडे माटोळी), तिच्यात घरच्या आगरातले सुपारीचे शिपटे टांगणे हे त्या घरात थोरल्या नातवाचे काम. आजीने आदल्या दिवशी दरवर्षीच्याच आवाजात विचारले, “शिपटं आणलंस का रे?” आगरात एक पोफळ उभी नव्हती, हे त्या आजीला ठाऊक नव्हते असे नाही. मुलगा कोयता घेऊन गेला, पडलेल्या झाडांच्या पसाऱ्यात तासभर शोधत राहिला आणि निम्म्याहून अधिक सुपाऱ्या गळालेले, काळे पडलेले एक शिपटे घेऊन आला. ते त्याने मंडपीच्या मधोमध बांधले. त्याचे वडील त्या वेळी रडले, वादळानंतर पहिल्यांदाच. मुलगा रडला नाही. त्याने सुंभाची गाठ आवळली आणि कवंडळे (मंडपीला बांधायची रानफळे) कुठे आहेत, असे विचारले. कवंडळांची टोपली माझ्याच हातात होती. शेजारी म्हणून मी तेथे गेलो होतो.

त्या दिवसापासून तो बोलू लागला, असे मी म्हणणार नाही. तसे घडलेही नाही. पण झाडे मोजणे थांबले.

2021 मध्ये ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात भारतासह दहा देशांतील 16 ते 25 वयोगटाच्या 10,000 तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. हवामानबदलाची फार किंवा अतिशय चिंता वाटते, असे 59 टक्के मुलांनी सांगितले होते, आणि या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो, असे 45 टक्क्यांहून अधिक मुलांचे म्हणणे होते. ती पाहणी वाचताना मला सारखे ते शिपटे आठवत होते. माझे निरीक्षण असे, की ‘देवाने असे का केले’ याचे उत्तर मुलाला कोणीही देऊ शकले नाही आणि त्याला ते नकोही होते. त्याला सावरले ते एका नेमलेल्या कामाने आणि एका ठरलेल्या तिथीने. ते काम त्याच्याशिवाय अडले होते. हे निरीक्षण बरोबर आहे का, आणि असल्यास किती दूर नेता येते, यावर आपली मते वाचायला आवडतील.

वाशिष्ठीकाठ

आगरवाट सर, आपले शिपटे वाचले आणि मला पाट आठवले.

22 जुलै 2021 च्या पहाटे चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा मी 19 वर्षांची होते. आमच्या घराच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण बाबांनी खिळ्याने कोरून ठेवली होती. या वेळी ती खूण सकाळी पाण्याखाली गेली आणि आम्ही माळ्यावर. पुढचा दीड दिवस काय झाले ते लिहीत नाही, येथील अनेकांनी तो काढला आहे.

आमच्या आळीत गणपतीची शाळा आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की मूर्ती घडवण्याच्या कारखान्याला आपल्याकडे शाळाच म्हणतात, आणि बरीच घरे आपापला पाट आधीच तेथे नेऊन देतात. मूर्ती त्या पाटावरच घडते. पाटाच्या पाठीवर घराचे नाव रंगवलेले असते. पूर ओसरल्यावर मूर्तिकारकाकांनी दार उघडले तेव्हा आत एकही मूर्ती नव्हती. शाडू विरघळून पुराच्या गाळात मिसळला होता आणि त्यावर कुठल्यातरी गॅरेजमधून वाहून आलेल्या तेलाचा थर होता. पाट तेवढे उरले होते, काही चिखलात रुतलेले, काही छपराच्या वाशांत अडकलेले.

चतुर्थी 10 सप्टेंबरला होती, म्हणजे हातात जेमतेम 50 दिवस. आमच्या स्वतःच्या घरातला चिखल अजून निघाला नव्हता. तरीही आम्ही आळीतल्या सात-आठ मुलामुलींनी ते पाट एकेक करून बाहेर काढले, नारळाच्या काथ्याने घासले आणि उन्हाला लावले. ऊन कसले, दोन सरींमधली उघडीप. मग नावे लावायला बसलो. काही नावे पुसट झाली होती. एका पाटावर फक्त ‘वरची’ एवढेच वाचता येत होते. त्यावरून तो वरच्या आळीतल्या कोणाचा, हे शोधत दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. आता मागे पाहताना वाटते, की त्या निमित्ताने कोणाच्या घरी काय शिल्लक आहे, कोणाला ताप आहे, कोणाकडे गॅस नाही, हे सगळे आम्हाला कळत गेले. मदत वाटायला आलेल्या माणसापुढे घरातली बाई ‘ठीक आहे’ म्हणते. पाट परत करायला आलेल्या मुलीला ती आत बोलावते.

काकांनी त्या वर्षी जमतील तेवढ्या लहान मूर्ती केल्या. आमच्या घरी पाटावर सुपारीचा गणपती बसला. शास्त्राने ते चालते, असे गुरुजींनी सांगितले. चालत नसते तरी आईने तेच केले असते, असा माझा कयास आहे.

जांभा

दोन्ही अनुभव मनाला भिडणारे आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु त्यातून जो निष्कर्ष काढला जात आहे, त्याबद्दल तीन आक्षेप नोंदवतो.

पहिला असा, की जी मुले सावरली तीच आपल्या आठवणीत राहतात. वादळानंतर पुण्या-मुंबईला गेली ती परत आलीच नाहीत, अशी मुले किती? घरात राहून आतल्या आत विझलेली किती? त्यांच्याही घरी मंडपी बांधली गेलीच होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच श्रद्धेने आमच्या गावात एका मुलाचे वाटोळे करायचेच बाकी ठेवले होते. सलग दोन वर्षे मोहोर गळाला, त्यात वडिलांचे कर्ज वाढले, आणि घरच्यांनी राखणदाराची (जागेच्या रक्षक देवाची) राखण चुकली म्हणून देवस्की, म्हणजे देवाचा कोप उतरवण्याचे विधी, करायला सुरुवात केली. दोष कोणावर आला, तर ज्या मुलाने बागेच्या कडेचा जुना वड तोडायला होकार दिला होता त्याच्यावर. अवकाळी पाऊस, लांबलेली थंडी आणि फुलकिडे यांचा जाब 20 वर्षांच्या पोराला विचारला गेला. जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात 2013 मध्ये झाला, पण अंगणात बसून केलेल्या कुजबुजीला कायदा लागत नाही.

तिसरा असा, की पाट धुण्याच्या जागी दुसरे कोणतेही सामूहिक काम असते तरी तोच परिणाम झाला असता. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचे. पुराने तेथील ग्रंथांचे अतोनात नुकसान केले, आणि ते सावरण्यासाठीही हात लागलेच. तेथे कोणता देव होता?

वाशिष्ठीकाठ

तेथे सरस्वती होती, असे माझी आजी म्हणाली असती. विनोद बाजूला ठेवते. आपला तिसरा मुद्दा मला मान्य आहे, फक्त एक गोष्ट त्यात सुटते. पुस्तके वाळवायला कधी जायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते, बोलावावे लागते. चतुर्थी कोणी ठरवावी लागत नाही. ज्या घरात कोणालाच काही ठरवण्याचे त्राण उरलेले नसते, तेथे हा फरक लहान नसतो.

रापणकर

मी मालवण तालुक्यातला. आजोबा रापणीत (किनाऱ्यावरून जाळे ओढून करायच्या मासेमारीत) होते, वडील रापणीत होते, मी पदवी घेऊन परत रापणीत आलो आणि आता जोडीला पर्यटकांची होडी चालवतो. लिहिण्याची सवय कमी आहे, सांभाळून घ्यावे.

आमच्यासाठी पर्यावरणाचे संकट म्हणजे एखादे वादळ नव्हे. फयान आले ते नोव्हेंबर 2009 मध्ये, तौक्ते गेले ते मे 2021 मध्ये. वादळ येते आणि जाते. दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाणारी मासळी मात्र कुठल्याच बातमीत नसते आणि तिचा पंचनामाही होत नाही. रापणीचे जाळे किनाऱ्यालगत टाकतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात. पूर्वी एका ओढीत सगळ्या वाड्याची चूल पेटायची. आता कधी कधी जाळ्यात जेलीफिश आणि प्लास्टिक येते, आणि चाळीस माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

अशा दिवशी मुलांना धरून काय ठेवते, तर रापणीचा रिवाज. दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा, मग तो शाळेतून पळून आलेला पोर असो की कंबरेत वाकलेला म्हातारा. मासे कमी आले म्हणून वाटेकरी कमी करत नाहीत. बांगडे चार आले तर चारांचे तुकडे पडतात. हा धर्म आहे की धंद्याचा नियम, हे मला सांगता येणार नाही, कारण आमच्याकडे ते वेगळे काढून कोणी दाखवलेले नाही.

नारळी पौर्णिमेचेही तसेच. सरकारी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. नारळी पौर्णिमा कधी 3 ऑगस्टला येते, जशी 2020 मध्ये आली, कधी 22 ऑगस्टला, जशी 2021 मध्ये. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी घालायची नाही, असे जुने लोक पाळत. त्यामुळे माशांना कधी कधी सरकारपेक्षा दोन-तीन आठवडे जास्त मिळायचे. आता 1 ऑगस्टला पहाटेच मोठ्या बोटी जातात आणि नारळ देणारा मागे राहतो. आमची तरुण मुले चिडतात ती येथे. ‘आम्ही देवाचे ऐकायचे आणि मासे त्यांनी न्यायचे’, हे वाक्य मी स्वतःच्या भावाच्या तोंडून ऐकले आहे. त्याला काय उत्तर द्यावे?

पापलेट, म्हणजे आमचा सरंगा, 2023 मध्ये राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला. नारळ टाकून सरंगा परत येत नाही, हे आम्हालाही कळते. त्यासाठी एलईडीच्या दिव्यांची आणि पर्ससीनची (थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची) मासेमारी खरोखर थांबावी लागेल आणि लहान पिल्ले जाळ्यातून सुटावी लागतील. पण ज्या पोरांनी पौर्णिमेला ताशा वाजवत किनाऱ्यावर मिरवणूक आणली, तीच पोरे महिन्याभराने निवेदन घेऊन कचेरीत गेली, हेही मी पाहिले आहे. मिरवणुकीत कोण पुढे चालतो आणि कोणाचे सगळे ऐकतात, हे आधीच ठरलेले होते. नवी संघटना काढावी लागली नाही.

खाडीपलीकडे

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीच्या काठी आहे. वस्ती दालदी मुसलमानांची आणि पलीकडे भंडाऱ्यांची. जांभा यांचा दुसरा आक्षेप वाचून राहवले नाही, कारण आमच्याकडेही तो रोग आहे, फक्त त्याचे नाव वेगळे. भरतीचे पाणी खारबंधारा फोडून शेतात आले की काही वडीलधारी माणसे ‘सब्र करा’ म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ ‘गप्प बसा’ असा असतो.

आमच्या मशिदीचे इमाम वयाने तरुण आहेत. चार वर्षांपूर्वी बंधारा फुटला, विहिरींचे पाणी मचूळ झाले आणि सात-आठ मुले आखातात जाण्यासाठी पासपोर्टच्या मागे लागली. त्या आठवड्यात जुम्याच्या बयानात त्यांनी दोनच हदीस घेतल्या. एक, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी दिलेले उत्तर, की आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव. दुसरी, कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात एखादे रोप असले, तर जमत असल्यास ते लावून टाका. मग ते म्हणाले, की आपला उंट म्हणजे बंधारा. असर (दुपारनंतरची नमाज) झाल्यावर फावडी घेऊन या.

ओहोटीची वेळ साधावी लागते, त्यामुळे काम रोज चाळीस-पन्नास मिनिटे पुढे सरकत होते. नमाजाच्या वेळा आणि समुद्राच्या वेळा यांचा मेळ घालण्याचे काम माझ्या पुतण्याकडे होते. त्याने मशिदीच्या फळ्यावर नमाजाच्या वेळापत्रकाशेजारी ओहोटीचा रकाना आखला. तो रकाना अजून आहे. तिसऱ्या दिवसापासून पलीकडची भंडाऱ्यांची मुले होडीने येऊ लागली, कारण त्या बंधाऱ्यामागची निम्मी खाजणे (खाडीकाठची खारजमीन) त्यांची होती. दगड जांभ्याचे, भर चिखलाची, मध्ये काट्याकुट्यांचे थर, सगळे जुन्या पद्धतीने. बंधारा टिकला का? दोन पावसाळे टिकला, तिसऱ्यात एका जागी खचला. पुन्हा बांधला. आखातात जायला निघालेल्यांपैकी चार जण गेले, आणि त्यांच्या जाण्याला मी पराभव म्हणत नाही, कारण दुसऱ्या वेळच्या दगडांचे पैसे त्यांनीच पाठवले.

सुरंगी

सर्वांचे प्रतिसाद वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. शिपटे थोरल्या नातवाचे, मिरवणुकीत पुढे मुलगे, फावडी घेऊन आले तेही मुलगेच. अपवाद वाशिष्ठीकाठ ताईंच्या पाटांचा. सावरण्याचे हे जे साधन आपण वर्णन करतो आहोत, ते गावातल्या निम्म्या मुलांच्या हातातच दिले जात नाही.

मी सिंधुदुर्गातली. आमच्या गावात देवळात गाऱ्हाणे घालतात. ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते. देवासमोर गावाच्या वतीने एक मानकरी उभा राहतो, गावाच्या अडचणी एकामागून एक मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचा सगळा जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. शब्दाचा अर्थ पाहावा. गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. स्तुती नाही, क्षमायाचना नाही. रांगेत उभे राहून देवाकडे उघड तक्रार करायची आणि ती रास्त आहे असे सगळ्यांनी मिळून म्हणायचे, अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली, हे मला फार मोठे शहाणपण वाटते. दुःख एकट्याने मनात धरून बसण्यापेक्षा चारशे माणसांकडून त्याला ‘व्हय’ मिळवणे किती वेगळे असते, हे कॉलेजच्या समुपदेशन कक्षात दोनदा जाऊन आल्यावर मला कळले.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीच्या विहिरी मार्चअखेरच तळाला गेल्या. वरच्या सड्यावरची (कातळपठारावरची) झाडी तोडून तेथे कलमे लावल्यापासून दरवर्षी पाणी लवकर आटते आहे, असे आम्हा मुलींचे निरीक्षण होते, कारण पाणी आणायला आम्हीच जातो. आम्ही मानकऱ्यांकडे जाऊन म्हटले, की जत्रेच्या गाऱ्हाण्यात विहिरींचेही सांगा. ते म्हणाले, बायकांच्या पाण्याचे गाऱ्हाणे देवाला कशाला. देवळाच्या पायरीवर मी पुष्कळ रडले. आमच्याच गावातल्या खालच्या वाडीला तर पायरीपर्यंत येण्याचाही मान नव्हता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. माझेच दुःख मला मोठे होते.

पुढच्या वर्षी आम्ही दुसरी वाट धरली. माटोळीला लागणारी रानफळे आणि फुले, म्हणजे कवंडळ, कांगणे, हरणे, तेरडा वगैरे, कुठे मिळतात हे गावातल्या म्हाताऱ्या बायकांना अचूक माहीत असते. आम्ही पाच जणींनी प्रत्येकीबरोबर फिरून एका वहीत जागा लिहून घेतल्या. खालच्या वाडीतल्या एका आजीकडे तर पुजाऱ्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसलेल्या जागा निघाल्या. वही पूर्ण झाल्यावर दिसले, की यादीतल्या बहुतेक वस्तू आता देवराईतच उरल्या आहेत, आणि गावातला एकमेव न आटणारा झराही तेथेच आहे. ती वही आम्ही देवस्थानच्या बैठकीत ठेवली. राईच्या कडेने रस्ता काढण्याचा विचार चालला होता. माटोळीचे साहित्य कुठून आणणार, या एका प्रश्नावर तो विचार मागे पडला. विहिरींचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. पण त्या वर्षी गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढले: पोरीबाळींच्या डोक्यावरचा हंडा हलका कर. मी मागे उभी होते. ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना माझा आवाज फुटला नाही, शेजारच्या आजीचा मात्र चांगला मोठा निघाला.

रापणकर

सुरंगी, आचऱ्याच्या गावपळणीबद्दलही लिहा ना कधी. तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर राहतात त्यात बायकापोरे, गुरे, कोंबड्या सगळी येतात. तेथे कोणी मागच्या रांगेत नसतो.

सुरंगी

खरे आहे. राहुट्यांमध्ये चूल मांडायची ती मात्र बायकांनीच. तरी आपला मुद्दा मान्य. घर सोडून झोपडीत राहावे लागले तरी तीन दिवस हसतखेळत निघतात, याचा सराव लहानपणीच झाला तर वादळात निवारा शाळेत राहायला जाताना मूल कमी बिथरेल, असे मला वाटते.

मनोगती

मी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे, गाव गुहागर तालुक्यात. चर्चेत आलेल्या दोन गोष्टींना अभ्यासात नावे आहेत म्हणून लिहितो, शहाणपण शिकवण्याचा हेतू नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात माणसे धर्माचा आधार कसा घेतात, यावर दीर्घकाळ काम केले आहे. देव आपल्या बाजूने आहे, आपण आणि तो मिळून यातून वाट काढू, आपले लोक सोबत आहेत, हा एक प्रकार. देवाने शिक्षा केली, देवाने टाकले, आपल्याच पापाचे हे फळ, हा दुसरा. पहिल्याचा संबंध सामान्यतः चांगल्या मनःस्थितीशी आढळतो, दुसऱ्याचा अधिक त्रासाशी. म्हणजे आगरवाट आणि जांभा हे दोघेही बरोबर आहेत. दोघे एकाच देवळाच्या दोन दारांबद्दल बोलत आहेत.

दुसरे नाव ऑस्ट्रेलियाचे ग्लेन अल्ब्रेक्ट यांनी दिलेले: सोलास्टॅल्जिया. तेथील हंटर खोऱ्यात उघड्या कोळसा खाणींनी सारा परिसर बदलून टाकला. माणसे आपल्या घरातच होती, तरी घर हरवल्यासारखी वागत होती. त्या दुःखाला हा शब्द आहे. रोज जाऊन पडलेल्या पोफळी मोजणारा मुलगा वाचताना मला तोच आठवला.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. मूल दोन-तीन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, ‘माझ्या असण्याने काय फरक पडतो’ असे बोलत असेल, तर मंडपी, भजन, जत्रा यांच्या भरवशावर थांबू नये. सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. भगताकडे न्यायच्या आधी तेवढा एक फोन करावा. नंतर न्यायचे असेल तर न्या, मी वाद घालणार नाही.

जांभा

दोन दारांची उपमा आवडली. वड तोडल्याचा दोष ज्याच्यावर आला त्या मुलाचे पुढे काय झाले, असे मला खाजगी निरोपात दोघांनी विचारले, म्हणून येथेच सांगतो. त्याच्या आत्याने पुढाकार घेऊन त्याच जागी त्याच्या हातून वडाची फांदी लावून घेतली आणि गावासमोर ‘फिटले’ म्हणून टाकले. मी तेव्हा त्या प्रकाराला हसलो होतो. अपराध मुळात नव्हताच, मग फेडायचे काय, हा माझा मुद्दा आजही कायम आहे. परंतु त्यानंतर लोकांनी त्याला बोल लावणे बंद केले, हेही खरे. सुरंगी यांनी जे लिहिले त्याने मात्र मी माझा तिसरा आक्षेप थोडा बदलतो. वाचनालयात मान नसतो, म्हणून तेथे कोणालाही काम करता येते. रिवाजात मान असतो, म्हणून तेथे केलेले काम गाव लक्षात ठेवते, आणि त्याच कारणाने कोणाला तरी पायरीवर थांबवतेही.

आगरवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या मूळ निरीक्षणात एक मोठी उणीव होती, ती सुरंगी यांनी दाखवली. काम नेमून देणारा कोण आणि कोणाला देतो, हे मी पाहिलेच नव्हते. त्या घरात त्या मुलाला एक धाकटी बहीण आहे. तीही त्याच आगरात वाढली. वादळानंतर ती काय करत होती, हे आज आठवायचा प्रयत्न केला, तर मला आठवत नाही. माझ्याच वर्गात ती दोन वर्षे होती.

आज संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगा आता दापोलीला एका रोपवाटिकेत नोकरी करतो आणि शनिवारी घरी असतो. 2020 च्या पावसात लावलेल्या पोफळींपैकी काहींना यंदा पहिल्यांदा शिपटे धरले आहे. बहिणीला मी विचारले, की त्या वर्षी तू काय करत होतीस. ती म्हणाली, “सर, पडलेल्या झाडांखालच्या सुपाऱ्या वेचत होते. आईने सांगितले नव्हते, कोणीच सांगितले नव्हते. त्यातल्याच बियांची ही रोपे.” भावाने मान हलवली. मला हे सहा वर्षे माहीत नव्हते.

यंदा मंडपीला शिपटे कोण बांधणार, असे मी आजीला विचारले. आजी आता फारशी ऐकू येत नसलेली, तरी हे नेमके ऐकले. “जिनं बी वेचलं तिनं,” म्हणाली आणि पुन्हा माळेकडे वळली.

सुरंगी

सर, त्या रोपांपैकी दोन आमच्या गावाला मिळतील का? देवराईच्या कडेला, झऱ्याच्या खालच्या अंगाला जागा आहे. वहीत तिची नोंद करून ठेवू.

आगरवाट

तिला विचारून सांगतो. रोपे तिची आहेत. होकार आलाच तर मृग लागल्यावर या, आणि येताना प्लास्टिकची पिशवी नको, करंडी आणा. मुळाची माती सुटता कामा नये.